डेबियन स्टेबलला गेलो तरी गोष्टी बिघडतात, मग स्टेबल रिलीजकडून अपेक्षा काय ठेवायची?

प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. ऑफिसात दोन सर्व्हर, दोन्हीवर डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टम, तिची १२ नंबरची रिलीज म्हणजे बुकवर्म. त्यातला एक, ज्यावर सांबा (फाईल शेअरिंगसाठी) आणि पीएचपीत लिहिलेलं आतलं छोटं ॲप आहे, तो पुढची रिलीज १३ म्हणजे ट्रिक्सी स्टेबल झाल्यावर १३ वर नेला. तेव्हापासून स्कॅन केलेल्या पीडीएफ जोडणारी स्क्रिप्ट जागा नाही म्हणून मध्येच मरते आणि ॲपमध्ये मोठी फाईल अपलोड होत नाही. दुसरा सर्व्हर अजून १२ वरच आहे, तर ऑडिटवाला म्हणतो तुमचं ओपनएसएसएच (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) जुनं आणि असुरक्षित आहे. म्हणजे अपग्रेड केलं तरी शिव्या आणि नाही केलं तरी शिव्या, मग स्टेबल स्टेबल म्हणून जे सांगतात त्यात नेमकं काय गृहीत धरायचं, असा वैतागून विचारलेला प्रश्न आहे.

वैताग समजू शकते, मी बरीच वर्षं असेच छोट्या ऑफिसांचे आणि शाळांचे सर्व्हर सांभाळते आणि दर दोन वर्षांनी हाच संवाद कोणा ना कोणाशी होतो. पण खरं सांगू का, तुमच्या तिन्ही तक्रारींमध्ये डेबियनने दिलेला शब्द कुठेच मोडलेला नाही, तुम्ही गृहीत धरलेला शब्द वेगळा होता एवढंच.

डेबियनचा शब्द असा आहे: एकदा रिलीज झालं की त्या रिलीजच्या आयुष्यात तुमच्या पायाखालची सतरंजी आम्ही ओढणार नाही. बुकवर्ममध्ये पीएचपी ८.२ आहे तर ते शेवटपर्यंत ८.२ च राहील, पोस्टग्रेस (डेटाबेस) १५ ते १५ च, कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, ६.१ च्या लाईनवरच. मध्ये येतील ते फक्त सिक्युरिटी फिक्स आणि गंभीर बगचे फिक्स, तेही जमेल तितके छोटे. आणि जे काही मोठे बदल करायचे ते दोन वर्षं साठवून एका दमात, नवीन नाव देऊन, आधी जाहीर करून. यात "बग नसतील" असं कुठेही नाही आणि "तुमची स्क्रिप्ट चालेल" असं तर नाहीच नाही. सर्व्हरला लॉगिन केल्यावर जो मजकूर दिसतो ना, जो आपण कधीच वाचत नाही, त्यात सरळ लिहिलेलं असतं की कायद्याने परवानगी असेल तिथवर कसलीही वॉरंटी नाही. ते वकिली वाक्य आहे हे मान्य, पण खोटं नाहीये.

आता यातून निघणारी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. बदल दोन वर्षं साठवले तर ज्या दिवशी तुम्ही एका स्टेबलवरून दुसऱ्या स्टेबलवर जाता तो दिवस सगळ्यात अस्थिर असणार. बाकी सातशे दिवस शांत असतात त्याची किंमत त्या एका दिवशी मोजायची असते. म्हणून त्या दिवसाची तयारी करायला लागते, "स्टेबलच आहे ना, मारू अपग्रेड" असं शुक्रवारी संध्याकाळी करून चालत नाही.

तुमची पीडीएफवाली स्क्रिप्ट घ्या. माझा अंदाज असा की ती मधल्या फाईली टेंप फोल्डरमध्ये टाकते, स्लॅश टीएमपीमध्ये. ट्रिक्सीपासून डेबियनने तो फोल्डर डिफॉल्टने रॅममध्ये नेलाय, टीएमपीएफएस म्हणतात त्याला, आणि त्याची कमाल मर्यादा रॅमच्या निम्मी. म्हणजे मशीनमध्ये ४ जीबी असेल तर टेंपला जास्तीत जास्त २ जीबी, मग हार्डडिस्कवर अर्धा टीबी मोकळा असला तरी उपयोग शून्य. पाचसहाशे पानांचं स्कॅनिंग चांगल्या रिझोल्यूशनला केलं की दोन जीबी कधी भरतात कळतही नाही. डीएफ कमांड मारून बघा, टेंपच्या ओळीत टीएमपीएफएस दिसलं की रोग सापडला. उपाय दोन, एकतर सिस्टमसीटीएलने टीएमपी डॉट माउंट हे युनिट मास्क करा, म्हणजे बंद करून ठेवा, आणि रीबूट करा, म्हणजे टेंप पहिल्यासारखा डिस्कवर, किंवा स्क्रिप्टला सांगा की व्हारच्या आतला टेंप वापर, तो डिस्कवरच असतो. मी दुसरा करीन. आणि ही सगळी माहिती, मास्क करायच्या कमांडसकट, ट्रिक्सीच्या रिलीज नोट्समध्ये आहे! अपग्रेडच्या आधी काय काय बघा म्हणून एक आख्खं प्रकरण असतं त्यात, एकदा चहा घेऊन बसलं तर तासाभरात वाचून होतं. कोणी वाचत नाही, हे वेगळं.

दुसरं, अपलोड. ट्रिक्सीत पीएचपी ८.४ आहे. पीएचपीच्या सेटिंगच्या फाईली व्हर्जनच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतात, ८.२ चा फोल्डर वेगळा ८.४ चा वेगळा, आणि जुन्यातलं नव्यात कोणी कॉपी करून देत नाही. कधीतरी पूर्वी तुम्ही किंवा तुमच्या आधीच्या माणसाने पीएचपी डॉट आयएनआयमध्ये अपलोडची मर्यादा ६४ एमबी केली असणार, ती ८.२ च्या फोल्डरमध्येच राहिली, ८.४ मूळच्या २ एमबीवर चालू झालं. त्यामुळे छोटी फाईल जाते, मोठी जात नाही. अपलोड मॅक्स फाईलसाईझ आणि पोस्ट मॅक्स साईझ दोन्ही बघा, एकच बदलून लोक दिवसभर डोकं आपटतात. मेमरी लिमिट आणि टाइमझोनही गेलेले असतील, तेही बघून घ्या नाहीतर पुढच्या महिन्यात रिपोर्टवर तारखा चुकीच्या येतील आणि तेव्हा कोणाला अपग्रेड आठवणार नाही.

याला बग म्हणाल का? मी नाही म्हणणार. तुम्हाला राग येईल पण पॅकेज बनवणाऱ्याने तुमचं जुनं सेटिंग नव्या मेजर व्हर्जनमध्ये आपोआप ओतलं असतं तर त्यातून निघालेले गोंधळ याच्यापेक्षा वाईट असते, कारण दोन व्हर्जनमध्ये काही ऑप्शन गेलेले असतात काहींचा अर्थ बदललेला असतो.

आता ऑडिटवाला. हा विषय जरा सविस्तर घेते कारण इथे लोक घाबरून भलतंच करून बसतात. १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएचमधलं एक गंभीर भोक जाहीर झालं, रेग्रेशन शब्दावर कोटी करून त्याला रेग्रेएसएसएचआयन नाव दिलं होतं, मूळ प्रोजेक्टने ते ९.८ मध्ये बुजवलं. बुकवर्ममध्ये आहे ९.२. मग स्कॅनर काय करतो, पोर्ट २२ ला कनेक्ट होतो, समोरून येणारी ओळ वाचतो, ९.२ दिसलं की लाल. पण पूर्ण ओळ वाचा ना, त्यात ९.२पी१ च्या पुढे डेबियन-२+डेब१२यू३ किंवा त्याच्या पुढचा आकडा दिसेल. यातलं ९.२पी१ म्हणजे मूळ प्रोजेक्टची व्हर्जन, नंतरचा २ म्हणजे डेबियनने त्यावर बांधलेलं कितवं पॅकेज, आणि डेब१२यू३ म्हणजे डेबियन १२ स्टेबल झाल्यानंतर त्यात केलेला तिसरा अपडेट. हे भोक नेमकं यू३ मध्ये बुजवलंय. म्हणजे आख्खं ९.८ न आणता भोकापुरता छोटा पॅच ९.२ वर बसवला, बाकी काही हलवलं नाही. याला बॅकपोर्ट करणं म्हणतात आणि डेबियन स्टेबलची अर्धी मेहनत यातच जाते. ऑडिटवाल्याला डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरचं त्या सीव्हीईचं (जाहीर झालेल्या भोकाला मिळणारा नंबर) पान दाखवा, इथे सीव्हीई-२०२४-६३८७, त्यात कुठल्या रिलीजमध्ये कुठल्या पॅकेजला फिक्स झालं ते स्पष्ट असतं. बहुतेक ऑडिटर ते मान्य करतात. एका ठिकाणी मात्र ऑडिटर ऐकेचना तर तिथल्या माणसाने बाहेरून ९.८ कंपाईल करून बसवलं, तेव्हा रिपोर्ट हिरवा झाला खरा पण त्यानंतर त्या मशीनच्या एसएसएचला एकही आपोआप अपडेट जात नाही, कारण ते आता पॅकेज मॅनेजरच्या ताब्यातच नाहीये. कागद हिरवा आणि मशीन उघडं.

गंमत म्हणजे याच भोकाने बुलझाय, म्हणजे डेबियन ११, अजिबात बाधित नव्हतं, कारण त्यातलं ओपनएसएसएच ८.४ इतकं जुनं की तो बग त्यात अजून आलाच नव्हता. तो ८.५ मध्ये शिरला. तसंच एक्सझेडचं. मार्च २०२४ ला एक्सझेड युटिल्स या फाईल कॉम्प्रेस करायच्या टूलमध्ये मुद्दाम घुसवलेला बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, सापडला, ५.६.० आणि ५.६.१ या दोन व्हर्जनमध्ये. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा संशय आला म्हणून सापडला, नाहीतर काय झालं असतं विचार करवत नाही. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्ये, म्हणजे स्टेबलच्या आधीच्या चाचणीच्या पायऱ्यांवर, तो पोचला होता. स्टेबलमध्ये नाही, तिथे ५.४ होतं. आमच्यातले बरेच जण ती रात्र स्टेबलवर आहोत म्हणून झोपले.

पण म्हणून जुनं ते सुरक्षित असंही समजू नका हां. २००६ मध्ये डेबियनच्याच एका मेंटेनरने ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत एक पॅच लावला, टूलची वॉर्निंग घालवायला, आणि त्यात रँडम नंबर तयार करायचा जीवच गेला. तो कोड पुढे एच नावाच्या स्टेबल रिलीजमध्ये, म्हणजे डेबियन ४ मध्ये, गेला आणि मे २००८ पर्यंत कोणाला कळलं नाही. त्या काळात डेबियन आणि त्यावर बेतलेल्या उबंटूवर बनलेल्या एन्क्रिप्शनच्या चाव्या एका प्रकारात जेमतेम बत्तीस हजार शक्यतांपैकी एक असायच्या, म्हणजे बसून सगळ्या करून बघता येतील इतक्या. तर स्टेबल म्हटलं की देवाचं नाव घेतल्यासारखं निर्धास्त होऊ नये.

बरं हे स्टेबल ठरवतात कसं तेही सांगते, म्हणजे अपेक्षा कुठवर ताणायची ते कळेल. नवीन पॅकेज आधी अनस्टेबलमध्ये येतं, ज्याचं कायमचं नाव सिड. तिथे ते निकडीप्रमाणे २, ५ किंवा १० दिवस राहतं, त्या काळात नवीन गंभीर बग कोणी नोंदवला नाही आणि चाचण्या पास झाल्या की टेस्टिंगमध्ये सरकतं. मग ठराविक तारखेला टेस्टिंग गोठवायला घेतात. ट्रिक्सीचं गोठवणं मार्च २०२५ ला सुरू झालं, एप्रिल आणि मे मध्ये टप्प्याटप्प्याने घट्ट केलं, जुलैच्या शेवटी पूर्ण बंद, आणि ९ ऑगस्टला रिलीज. या पाच महिन्यांत काम काय तर रिलीज क्रिटिकल म्हणतात ते बग कमी करत नेणं, एकतर फिक्स करा नाहीतर पॅकेजच काढून टाका. तरी ती यादी शून्य होत नाही, काही बगवर चक्क इग्नोर असा टॅग लावतात की हा आहे हे आम्हाला माहितीये पण यासाठी रिलीज थांबवत नाही. जवळजवळ सत्तर हजार पॅकेजं आहेत हो, आणि सांभाळणारे बहुतांश स्वयंसेवक.

आणि यातली मेख अशी की टेस्टिंग कोण वापरतं? डेव्हलपर लोक आणि हौशी लोक, त्यांच्या लॅपटॉपवर. तुमच्या ऑफिसातलं २०१४ चं रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं), तो एक विचित्र प्रिंटर, टॅलीच्या एक्स्पोर्टसाठी कोणीतरी लिहिलेली पर्ल स्क्रिप्ट, हे त्यांच्यापैकी कोणाकडेच नाही. म्हणजे पॉइंट झिरो रिलीजला (१३.० सारख्या अगदी पहिल्या) खऱ्या अर्थाने पहिली व्यापक चाचणी होते ती तुमच्यासारख्यांच्या मशीनवर. म्हणून मी कामाच्या सर्व्हरवर पहिल्या पॉइंट रिलीजपर्यंत, म्हणजे साठलेल्या फिक्सचा पहिला गठ्ठा येईपर्यंत, थांबते. ट्रिक्सीचं १३.१ सहा सप्टेंबरला आलंच, म्हणजे महिनाभरात. उबंटूवालेही तेच करतात, एलटीएसवरून (लांब मुदतीचा सपोर्ट असलेल्या रिलीजवरून) एलटीएसला जायची सूचना पॉइंट वन आल्याशिवाय देत नाहीत. अपग्रेडची घाईही नाही कारण जुन्या स्टेबलला नवीन आल्यावर साधारण वर्षभर सिक्युरिटी टीमचा पूर्ण सपोर्ट असतो, बुकवर्मला जून २०२६ पर्यंत, आणि पुढे एलटीएस टीम जून २०२८ पर्यंत ओढणार. त्यामुळे तुमचा दुसरा सर्व्हर १२ वर आहे म्हणून कोणी हिणवत असेल तर दुर्लक्ष करा. फक्त एक, एलटीएसमध्ये सगळी पॅकेजं येतीलच असं नसतं. डेबियन सिक्युरिटी सपोर्ट नावाचं पॅकेज टाकलं की चेक सपोर्ट स्टेटस कमांड मिळते, ती तुमच्या मशीनवरच्या कुठल्या पॅकेजचा सपोर्ट मर्यादित आहे किंवा संपलाय ते सांगते. फार कमी लोकांना माहिती आहे.

कोणाकडे अजून ३२ बिट मशीन असतील, शाळांच्या लॅबमध्ये असतात हो अजून, त्यांनी ट्रिक्सीकडे बघूच नका. ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही बंद झालेत. प्रोसेसर ६४ बिट असून वर ३२ बिटचं डेबियन टाकलेलं असेल, असं बऱ्याचदा निघतं, तर ६४ बिटचं नव्याने टाका.

आता पॉइंट रिलीज तरी डोळे झाकून घ्यायचे का? साधारण दर दोन महिन्यांनी येतात आणि ९९ टक्के वेळा काही होत नाही, पण डिसेंबर २०२३ आठवा. बुकवर्मचं १२.३ येणार होतं, त्यातल्या ६.१.६४ कर्नलमध्ये ईएक्सटी४ फाईलसिस्टमचा डेटा खराब करू शकणारा बग निघाला. आणि तो आला कुठून, तर एका फिक्समधून! नव्या कर्नलमधला एक फिक्स जुन्या लाईनमध्ये आणला पण तो ज्या दुसऱ्या बदलावर टेकलेला होता तो आणायचा राहिला. म्हणजे वर ज्या बॅकपोर्टचं मी कौतुक केलं त्याचीच दुसरी बाजू. डेबियनने १२.३ च्या इमेज थांबवल्या, लोकांना अपग्रेड करू नका म्हणून जाहीर सांगितलं, विशेषतः ज्यांचे आपोआप अपडेट चालू आहेत त्यांना सावध केलं, आणि दुसऱ्याच दिवशी, १० तारखेला, दुरुस्त कर्नल घालून १२.४ काढलं. माझ्या मते स्टेबलकडून अपेक्षा ठेवायची ती या प्रकारची: चूक होईल, पण लपवणार नाहीत, लगेच ओरडून सांगतील आणि झटपट निस्तरतील. ज्यासाठी तुम्ही त्यांच्या घोषणांच्या मेलिंग लिस्टला असायला हवं. महिन्याला मोजून मेल येतात, इनबॉक्स भरत नाही.

नवीन व्हर्जन पाहिजेच असेल एखाद्या गोष्टीची तर बॅकपोर्ट्सची वेगळी रिपॉझिटरी आहे, तिथून तेवढं एकच पॅकेज घ्या, पण त्याला सिक्युरिटी टीमचं कव्हर नसतं हे लक्षात ठेवून. फायरफॉक्स आणि क्रोमियम हे अपवाद आहेत, ते स्टेबलमध्येही पुढच्या व्हर्जनला नेतात कारण ब्राउझरचे फिक्स मागे आणत बसणं कोणाला झेपत नाही. पण सिडमधून दोन पॅकेजं, कुठल्यातरी ब्लॉगवर दिलेली रिपॉझिटरी, वर उबंटूचा पीपीए (उबंटूसाठी बनवलेली खाजगी रिपॉझिटरी), अशी मिसळ केली की मग ते स्टेबल नाही आणि सिडही नाही, अशा मशीनला आमच्यात फ्रँकेनडेबियन म्हणतात आणि मदत मागायला आलात तर पहिल्यांदा तेच साफ करून या म्हणतील. सोर्सेस लिस्टमध्ये (पॅकेजं कुठून घ्यायची ती फाईल) स्टेबल असं न लिहिता बुकवर्म किंवा ट्रिक्सी असं नाव लिहा, नाहीतर रिलीजच्या दिवशी साध्या अपडेटला बसाल आणि समोर आख्खं मेजर अपग्रेड उभं. आणि एक रिलीज गाळून उडी मारायची नाही, ११ वरून थेट १३ ला सपोर्ट नाही, मध्ये १२ वर उतरावंच लागतं.

शेवटी बग खरंच सापडला तर कुठे सांगायचा. आधी डेबियनला, रिपोर्टबग या कमांडने, मूळ प्रोजेक्टला नाही. एक्सस्क्रीनसेव्हर या स्क्रीनसेव्हर प्रोग्रामचा लेखक डेबियन स्टेबलमधल्या त्याच्या जुन्या व्हर्जनचे बग रिपोर्ट येऊन येऊन इतका कावला होता की त्याने कोडमध्येच "ही व्हर्जन फार जुनी आहे" अशी सूचना घालून ठेवली, आणि २०१६ मध्ये त्यावरून डेबियनच्या बग ट्रॅकरवर चांगलंच वाजलं. त्याच्या बाजूनेही खरं होतं, जे त्याने दोन वर्षांपूर्वी फिक्स केलं ते त्याला रोज कोणीतरी नव्याने सांगत होतं. तर रिपोर्ट करताना पॅकेजची पूर्ण व्हर्जन, ते डेब१२यू वगैरेसकट, आणि टेस्टिंगमध्ये तो बग अजून आहे का हे बघून लिहा. टेस्टिंगमध्ये फिक्स झालेला असेल तर तसं लिहून स्टेबलमध्ये आणता येईल का विचारा. गंभीर असेल आणि पॅच छोटा असेल तर पुढच्या पॉइंट रिलीजमध्ये येतो, नुसती सोय म्हणून असेल तर "पुढच्या स्टेबलमध्ये मिळेल" असं उत्तर येईल आणि ते उत्तर योग्य असेल.

तुमच्यासाठी आत्ता, टेंपचं आणि पीएचपी डॉट आयएनआयचं वर सांगितलंय ते करा. मग तरी अपलोड अडलं तर अपाचे या वेब सर्व्हरमध्ये कुठलं पीएचपी मॉड्यूल चालू आहे ते बघा, ८.२ चं चालू राहिलं असेल तर ८.४ चं आपोआप चालू होत नाही, ते हाताने करावं लागतं आणि तोपर्यंत तुम्ही ८.४ च्या फाईलमध्ये कितीही बदल करा, काही फरक दिसणार नाही. नाहीच जमलं तर पीएचपीइन्फोमधली लोडेड कॉन्फिगरेशन फाईल ही ओळ आणि एरर लॉगच्या शेवटच्या वीसेक ओळी इथे टाका, बघते.